मोठी भरती

पाण्याशी आमच्या घराण्याचा संबंध नळाला पाणी येण्यापुरताच. आमचं मूळ गाव खानदेशात, आणि तिथली नदी वर्षातले बरेच महिने लोक रस्ता म्हणून वापरतात. तिथून माझे वडील सुरतेला आले, पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये लागले, त्यांच्यामागोमाग मीही लागलो. समुद्र इथून फार लांब नाही, ही गोष्ट आम्हा दोघांना कामाच्या वेळात कुणी सांगितली नाही. (सुट्टीच्या दिवशी आम्ही झोपतो.)

तर माझा मेव्हणा दीपक. माझी बायको मंगला हिचा धाकटा भाऊ. पोरगा गुणी, पण मिलमध्ये रोजंदारीवर. उधन्याची एक मुलगी त्याला पसंत पडली, मुलीला तो पसंत पडला, अडले होते फक्त तिचे वडील निंबाआप्पा. त्यांची अट एकच, पोरगा 'कायम' नोकरीत पाहिजे. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले, मग दुसरं स्थळ तयार आहे. दीपकचं जेवण कमी झालं आणि मंगलाचं माझ्याशी गोड बोलणं बंद झालं.

"तुमनी एवढी वळख शे, मना भाऊले कोठे चिकटाडी द्या ना," ती रोज भाकर वाढताना म्हणायची.

ही ओळख मीच निर्माण केली होती. आमच्या लग्नात सासरच्या मंडळींना मी ऐटीत सांगितलं होतं, की सुरतेजवळ हजिऱ्याला ज्या मोठ्या कंपन्या आहेत, तिथे आपला शब्द चालतो. हजिऱ्याला तोवर मी एकदाच गेलो होतो, तेही कंपनीच्या गेटपर्यंत. तिथल्या वॉचमनने 'चलो, हटो' म्हटल्यावर मी लगेच हटलो होतो. शब्द चालला होता, पण त्याचा!

अशात एके संध्याकाळी मणीबेन भेटली. हजिऱ्याकडच्या एका लहानशा मच्छीमार गावातून ती आमच्या बाजारात सुके बोंबील विकायला येते. टोपली आवरता आवरता ती म्हणाली, "भाई, शुक्रवारे नथी आववानी. गाममां मोटी भरती छे. बधाए कामे लागवानुं."

मोठी भरती. सगळे कामाला लागणार. माझ्या हातातले बोंबील खाली पडले.

आता खानदेशात भरती दोनच प्रकारची, पोलिसांची आणि लष्कराची. तिसरी एक समुद्राला येते, असं भूगोलाच्या मास्तरांनी सांगितलं असणार, पण तो तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा होता. मी माझ्या मोडक्या गुजरातीत चौकशी सुरू केली.

"कंपनीनी पाछळ?"

"हा, पाछळ ज. खाडी पर."

"केटला माणस जोईए?"

"जेटला आवे एटला ओछा."

"भणतर?"

"भणतरने शुं करवानुं? हाथमां जोर जोईए."

"अमारा मराठी छोकरा चाले?"

मणीबेनचे डोळे भरून आले. "आवो तो भगवान तमारुं भलुं करे, भाई! पण अगियार पहेलां आवजो. पछी कंई हाथमां नहीं आवे."

शिक्षण नको, अकराच्या आत पोचलं की झालं, जागा वाटेल तेवढ्या, आणि वर बोलावणारेच हात जोडतात. अशी भरती कुणी पाहिली आहे? संशय यायला हवा होता. पण मी बोंबील उचलून थेट घरी धावलो.

बाहेर कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. मी फक्त चहाच्या टपरीवर सांगितलं, तेही सगळ्यांकडून शपथ घेऊन. शुक्रवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो उभा होता आणि त्यात शपथ घेतलेली सगळी पोरं इस्त्रीचे शर्ट घालून, फायली छातीशी धरून दाटीवाटीने उभी होती. मंगलानेही कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त निंबाआप्पांना फोन केला होता.

"मी सोता इसू," आप्पा म्हणाले होते. "मना डोयाघाई देखसू."

त्याप्रमाणे आप्पा पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात ड्रायव्हरशेजारी बसून आले.

गावात पोचल्यावर मी एका बाईंना रुबाबात विचारलं, "भरती कुठे आहे?" त्यांनी खाडीकडे हात केला. वाटेत बांबूंवर बोंबील वाळत होते, ओसरीवर माणसं जाळी सांधत होती, आणि गावाच्या डोक्यावर कंपनीच्या चिमण्या. आम्ही खाडीवर आलो तर तिथे ऑफिस नाही, टेबल नाही, मांडवही नाही. काठावर ओंडक्यांवर एक लाकडी होडी उभी, नवा रंग दिलेली, पुढे जाड दोर बांधलेला. पण भरती म्हटलं की रांग, हे आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही. समुद्राकडे तोंड करून ती शिस्तीत एकामागे एक उभी राहिली. पहिला नंबर दीपकचा.

एक म्हातारे गृहस्थ रांगेकडे बघतच राहिले. मणीबेनचे सासरे, रणछोडकाका. होडी त्यांची.

"आ बधा कोण?" त्यांनी विचारलं.

"अमारा मराठी भाईओ, पांडेसराथी," मणीबेन म्हणाली. "मदद करवा आव्या छे."

काकांनी आम्हाला हात जोडले. मीही जोडले आणि विचारलं, "साहेब क्यारे आवे?"

"कोण, भरती? आवे छे ने, जुओ," असं म्हणून काकांनी समोर बोट दाखवलं.

मी त्या दिशेने पाहिलं. साहेब नव्हते. पाणी होतं, आणि ते चांगल्या वेगाने आमच्याकडे येत होतं.

भूगोलाचे मास्तर त्या क्षणी मला आठवले. मग मी निंबाआप्पांकडे पाहिलं. तेही पाण्याकडे पाहत होते. त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, त्यापेक्षा पाण्याकडे पाहिलेलं बरं.

"दाजी," दीपक हळूच म्हणाला, "हाई कसानी भरती शे?"

त्याचा चेहरा असा उतरला की मला माझीच लाज वाटली. पण बोलायला वेळच नव्हता. होडी पावसाळाभर दुरुस्तीला काठावर चढवलेली होती. पुनवेच्या मोठ्या भरतीला पाणी तिच्यापर्यंत चढतं, तेवढ्यात ती ढकलली तर ढकलली, नाहीतर पुढच्या अमावास्येपर्यंत घरी बसून. गावातली तरणी पोरं कंपन्यांत कंत्राटावर, शुक्रवारी सुट्टी कुणाला? दोराला काका, चार म्हातारे आणि बायका. काकांनी दोराचं टोक दीपकसमोर धरलं.

दीपकने एकदा निंबाआप्पांकडे पाहिलं. मग फाईल माझ्या हातात दिली, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोर धरला. मग रांगच्या रांग दोराला लागली. फायलींचा सगळा गठ्ठा माझ्या काखेत! तो मी बायकांकडे सोपवला आणि आपणही जबाबदार माणूस आहोत हे दाखवायला दोराचं शेपूट पकडलं.

"हैसो!" काका ओरडले. होडी हलली. "हैसो!" माझी चप्पल गाळात गेली. "हैसो!" चप्पल शोधायला मी वाकलो, दोर सोडला आणि मागच्या मागे पुढच्या माणसाला घेऊन बसलो. त्याने त्याच्या पुढच्याला घेतलं. होडी कचकन एका बाजूला कलली, बायका किंचाळल्या. आमच्या पोरांपैकी एकटा दीपक, दात-ओठ खात, टाचा गाळात रोवून दोराला लटकला होता. तेवढ्यात कुणीतरी पांढरंशुभ्र त्याच्या शेजारी धावलं आणि दोराला भिडलं. निंबाआप्पा! पुढच्या 'हैसो'ला ते पांढरेशुभ्र राहिले नाहीत. पण होडी पाण्यात गेली आणि डुलायला लागली.

(रणछोड नावाचा माणूस दोर धरून उभा होता आणि रण सोडलं ते मी, हे आमच्या गल्लीतली पोरं अजून सांगतात.)

दुपारी काकांच्या ओसरीवर रोटला आणि माशाचं कालवण होतं. मणीबेनने सहज विचारलं, मदतीला येताना या फायली कशाला आणल्या? दीपकने खरं ते सांगून टाकलं. काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. हसून झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "तमारीवाळी भरती अमे पण जोई छे." त्यांच्या वाडवडिलांची गलबतं अरबस्तानापर्यंत जायची. मग गावामागे कंपन्या आल्या, खाडीत मोठी जहाजं आली, मासळी लांब गेली. तेव्हा सगळं गाव असंच इस्त्री करून कंपनीच्या गेटवर रांगेत उभं राहिलं होतं. थोडे कायम घेतले, काही वर्षांनी तेही घरी पाठवले, आता पोरं जातात ती कंत्राटावर. ती भरती ओसरली ती ओसरलीच, काका म्हणाले, समुद्राची निदान परत येते.

एवढ्या लोकांच्या आशेला मी हे काय करून ठेवलं होतं!

निंबाआप्पांनी हातातला रोटला बाजूला ठेवला. ते ज्या मिलमध्ये होते, ती कायम कामगारांसकट बंद पडली होती.

"मीबी कायमच व्हतू," ते म्हणाले. "मिल बंद पडनी तवय समजनं, कायम नुसतं कागदवर व्हतं." मग दीपकच्या सोललेल्या तळव्यांकडे पाहून म्हणाले, "पोऱ्यानी दोर सोडा नही. आंडेर दिधी." म्हणजे मुलगी दिली!

दीपक तसाच, कालवणाच्या हातांनी, त्यांच्या पाया पडला. माझा ऊर भरून आला. शेवटी योग जुळवून आणला तो मीच, असं मी म्हणणार तेवढ्यात आप्पांनी बोट वर केलं.

"एक अट शे. लगननी तिथ लोकेसले सांगानं काम ह्या पाव्हनाकडे देऊ नका. नहीते वऱ्हाड खाडीमा जाई बसी."

अट सगळ्यांनी एकमताने मान्य केली, सर्वांत आधी, फोनवरून, मंगलाने. ती पाळायची म्हणून मी अख्ख्या लग्नात तोंड उघडलं नाही. आता अल्बम बघताना पाहुणे म्हणतात, दाजी फोटोत किती समजदार दिसतात! मंगला म्हणते, दिसणारच, फोटोत ते बोलत नाहीत.