जोसेफ मास्तरांचा बँजो मी शेकला त्याची गोष्ट

आता गाढवपणा कोण करत नाही? पण हातातला चहा खाली ठेवून ऐकावा असा माझा एकच. आणि तो करताना मी स्वतःवर बेहद्द खूश होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नगरला जोसेफ मास्तरांचा ऑर्केस्ट्रा होता. त्या काळी ऑर्केस्ट्रा म्हणजे काय चीज, तुम्हाला काय सांगू? वाजवणारी पोरं कोट घालायची हो! मी शेवगावचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी, वर थोडंफार मेंडोलिन शिकलेलो. मला काहीही करून त्या कोटात शिरायचं होतं. मास्तर म्हणाले, "गणपतीत तुझ्याच गावात कार्यक्रम आहे. एक गाणं बँजोवर वाजव. जमलं तर तू आमचा."

आणि त्यांनी पेटी उघडली.

आपल्या वरातीतला बटणांचा बेंजो डोळ्यांसमोर आणू नका. हा विलायती. चार तारा, लांब दांडा, ताटाएवढं गोल अंग आणि पुढून कातडं मढवलेलं. मिशनची एक मॅडम मायदेशी परतताना मास्तरांना देऊन गेली होती. दांड्यावर वेलबुट्टी, टोकाला लाल-हिरवे खडे, कडेच्या स्क्रूंनासुद्धा सोन्याचं पाणी. पाठ तर अख्खी शिंपल्यासारखी, हलवली की चमचमायची. पन्नास वर्षांचं वाद्य, पण कुठं ओरखडा नाही. कातडंही मूळचंच.

"पोटच्या पोरासारखं सांभाळलंय," मास्तर म्हणाले. "जपून हं." मी एवढ्या जोरात मान हलवली की ती दुखायला लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून भुरभुर चाललेली. दिवेलागणीला मांडवामागे पेटी उघडून तार छेडली, तर आवाज आला, भद. कातडं सादळलं होतं.

आता हलगीवाल्याच्या पोरानं यात घाबरायचं काय? हलगी सादळली की आम्ही ती जाळावर शेकतो. शेकल्याशिवाय हलगी बोलतच नाही. मास्तर पलीकडेच बसले होते, पण त्यांना विचारावं असं मनातही आलं नाही. उलट म्हटलं, या कोटवाल्यांना आज आपली विद्या दाखवूच.

तुरीच्या चार वाळक्या काड्या पेटवल्या आणि कातडं जाळावर धरलं. जरा वेळानं तार छेडली. टण्ण! अंगावर काटा आला. इतका खणखणीत आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तिथंच थांबलो असतो तर? पण यश माणसाला पचतं का? म्हटलं, पुढून शेकला, आता पाठही सादळली असेल. ती धरली जाळावर.

भक्कन पेटली. कारण तो शिंपला नव्हताच, सेल्युलॉइड होतं. पिंगपाँगचा चेंडू असतो ना, त्यातलं. आणि सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या वेळी कळलं ते इतकंच, की हातात ज्वाळा आहे आणि देवळासारखा घमघमाट सुटलाय.

पाणी होतं फक्त देवापुढच्या कलशात. मी दांडा धरून मांडवात धावलो. तिथं गाव आरतीसाठीच जमलेलं. कापराचा वास आला, हातात पेटलेलं गोल काहीतरी दिसलं, लोक उठून उभे राहिले. घंटा सुरू झाली, टाळ्या सुरू झाल्या.

"पाणी! पाणी द्या!" मी ओरडलो.

मंडळाचे अध्यक्ष आण्णा शांतपणे म्हणाले, "पानी शेवटाला फिरवत्यात. आदी लोकांस्नी आरती तर घिऊ दे." आणि त्यांनी ज्वाळेवरून हात फिरवून डोळ्यांना लावले.

"आण्णा, आरती न्हाई, बँजो हाय ह्यो."

"आसंल. नगरची नवी तऱ्हा आसंल. जरा खाली धर, बायाबापड्यांचा हात पुरंना."

आणि मी धरला की हो खाली! करता काय, गाव रांगेत उभं. एका मावशींनी दांड्याला हळदकुंकू लावलं.

मग आण्णांनी पाहुणे म्हणून जोसेफ मास्तरांना दंडाला धरून पुढं आणलं. "घ्या मास्तर, तुमच्याच मानसानं केलीया." मास्तर ख्रिस्ती, पण भारी सभ्य माणूस. गावाचा मान राखायला त्यांनी हात पुढं केले. तेवढ्यात ते लाल-हिरवे खडे त्यांच्या नजरेला पडले. हात तसेच हवेत राहिले.

आण्णांनी पळीभर पाणी बँजोभोवती फिरवलं. तोवर ज्वाळा आपोआपच विझत आली होती, कारण जळायला पाठ उरली नव्हती. शेवटी ते मूळचं कातडं फट्‌ करून फाटलं.

मला रडू फुटलं. "मास्तर, कातडं सादळलं होतं, म्हणून शेकलं."

मास्तर त्या कोळशाकडे बघत म्हणाले, "कडेचे स्क्रू कशाला असतात रे? किल्लीनं आवळायचे. किल्ली पेटीतच होती."

गेला कोट, असं मी धरूनच चाललो. पण आण्णा कसले ऐकतात? "मास्तर, ह्याला ठिवून घ्याच. आसली आरती आमच्या गावानं कदी बगितली न्हाई. लई झ्याक." मागून सगळा मांडव, "व्हय, व्हय." एवढ्या गावापुढं मास्तरांना नाही म्हणता येईना.

त्यांनी मला कोट चढवला, सगळ्यांच्या मागं, अगदी कडेला उभं केलं आणि हातात टिंग टिंग वाजतो तो लोखंडी त्रिकोण दिला. मग कानाशी येऊन हळूच म्हणाले, "हा लोखंडाचा आहे. तरीपण शेकू नकोस."