बर्फावरची शांतता

ऊस अंगणापर्यंत वाढला की आमच्याकडे टीव्ही खिडकीत, आवाज शेतात जाईल असा ठेवतात. माणसांचा आवाज ऐकून बिबट्या लांब राहतो, एवढाच त्यामागचा विश्वास. त्या हिवाळी दुपारी थोरल्या जाऊबाई उसाच्या कडेला गुरांसाठी घास कापत होत्या आणि मी खिडकीशी बसून टीव्हीचा आवाज सांभाळत होते.

"बाई, ते बर्फावर घसरायचं लाव की," त्या ओरडल्या. "लई गोड वाजतं. बिबट्याबी नाचंल!"

परदेशातली मोठी स्पर्धा चालू होती. निळ्या पोशाखातली एक मुलगी बर्फाच्या मधोमध येऊन थांबली. तिने मान झुकवली. टाळ्या विरल्या. संगीत सुरू होण्याआधी सारे प्रेक्षक श्वास रोखून बसले, आणि ती परकी शांतता आमच्या शेतावरही उतरली. विळ्याची खरखर थांबली. चिरलेल्या घासाचा हिरवा वास तेवढा येत राहिला.

वारा नव्हता. तरीही उसाचे शेंडे एकामागून एक हलत आले आणि जाऊबाईंच्या पाठीमागे थांबले. मी टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला, पण त्यात शांतताच होती.

मग व्हायोलिन वाजू लागलं. शेंडे पुन्हा हलले, या वेळी आत, दूर.

भारा तिथंच टाकून जाऊबाई धावत घरात आल्या. "मधीच बंद कशाला केलास गं?"

"बंद नव्हता केला, ताई."

पडद्यावरची गिरकी मंदावू लागली, तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"बोल गं कायतरी," त्या म्हणाल्या. "आता ती पोरगी परत थांबंल."