पारावरची ट्रायल

दत्तरावांनी कागदात गुंडाळलेली जुनी पँट आणि शर्ट माझ्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "हे पोराचं माप. याच्यात दोन इंच वाढवा. सगळीकडून."

"सगळीकडून म्हणजे?"

"कंबर, छाती, दंड, जे असंल ते. पोरगं दुबईला हाय. खाऊनपिऊन हाय."

"उंची पण वाढवू का?"

दत्तरावांनी खरंच विचार केला. "ती ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा परभणी होता, हिंगोली नंतर झाला. आखाडा बाळापूरला रोडवर माझं जेन्ट्स टेलरिंगचं दुकान होतं. दोन मशीन, कोळशाची इस्त्री, एक उभा आरसा आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं. बाकड्यावर पेपर असायचा आणि वाचनालयातून आणलेलं एखादं पुस्तक. पेपर सगळे वाचायचे. पुस्तक मी वाचायचो. लग्नसराईत तेही राहून जायचं.

दत्तराव सेनगावकडचे. त्यांचा मुलगा गजानन आयटीआय करून आखातात गेला होता. होता मस्कतला, एसी बसवायच्या कामावर. पण आमच्याकडे विमानात बसलेला प्रत्येक माणूस दुबईलाच उतरायचा, आणि उतरला की साहेब व्हायचा. त्याचं लग्न आमच्या बाळापूरच्या किसनरावांच्या अनिताशी ठरलं होतं. आदल्या वर्षी सुट्टीत येऊन तो मुलगी बघून गेला होता. आता येणार होता तो थेट हळदीच्या तोंडावर.

इथं एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवरदेवाचा पोशाख मुलीकडचे शिवतात. लग्नाच्या दिवशी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळाकडं नेतात. याला आम्ही परण्या म्हणतो. देवळासमोरच्या पारावर मुलीकडचे तो पोशाख देतात आणि नवरदेव तिथंच, सगळ्या गावासमोर, उपरण्याच्या आडोशानं कपडे बदलतो. त्याआधी पोशाख अंगाला लावायचा नाही. लावला तर तो मानाचा राहत नाही.

म्हणजे कोटाची ट्रायल नाही. कोट शिवताना आधी तो मोठ्या टाक्यांनी नुसता जोडतात, त्याला कच्ची शिलाई म्हणतात. मग गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघतात, खडूनं खुणा करतात आणि नंतर पक्की शिलाई मारतात. इथं गिऱ्हाईक समुद्रापलीकडं. पहिली आणि शेवटची ट्रायल पारावर, बँडच्या साथीनं.

गावातल्या नवरदेवाचं ठीक असतं. तो चहाला म्हणून दुकानात येतो आणि मी डोळ्यांनी माप घेतो. डोळ्यांवर रीतीची बंदी नव्हती.

किसनरावांनी नांदेडहून निळसर काळं सुटिंग आणलं. थ्री-पीस हवा, असा दत्तरावांचा निरोप होता. लग्न मे महिन्यात. पारावरच्या फरशीवर चपलेशिवाय उभं राहता येत नाही अशा दिवसांत कोट, त्याच्या आत वेस्टकोट, त्याच्या आत शर्ट आणि गळ्यात टाय. इंग्रज गेले तेव्हा हे सगळं इथंच ठेवून गेले, कारण त्यांनाही ते सोसलं नसणार.

किसनराव म्हणाले, "टेलर, काय बी करा, पण कोट बराबर बसला पाह्यजे. त्यांच्याकडचे जावई लई खवट हायत. पारावर नवरदेव रुसवून बसवतील. माझी सारी इज्जत तुमच्या सुईवर हाय."

"माप बरोबर असलं तर सुई चुकत नाही," मी म्हणालो.

आणि मापाबद्दलच मला शंका होती. दत्तरावांनी मुलाचा नवा फोटो दाखवला होता. गजानन कुणाच्या तरी लांबलचक गाडीला टेकून उभा होता. दत्तरावांनी गाडीकडं बोट दाखवलं. मी शर्टाकडं बघितलं. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. कॉलर आणि मान यांच्यात अख्खा हात गेला असता. शर्ट मित्राचा असेल, असं मी मनाला सांगितलं. फोटोवरून कपडा कापू नये.

मी कटिंग करणार, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी अनिता दुकानात आली. तिची वहिनी शेजारी बांगड्या भरायला बसली होती. लग्न ठरलेली मुलगी जेन्ट्स टेलरकडं येण्याचं काही कारण नसतं. तिनं भावाचा एक शर्ट पुढं केला.

"काका, याचं बटण तुटलंय."

मी बघितलं. बटण तुटलेलं नव्हतं, कापलेलं होतं. "बस," मी म्हणालो.

मी बटण लावायला घेतलं. ती भिंतीकडं बघत म्हणाली, "कोट कापला का काका?"

"उद्या कापतो."

"जरा बारीक कापा."

"तुझा सासरा तर वाढवून सांगून गेला."

"त्यांना ठाव न्हाई."

"अन् तुला काहून ठाव?"

ती लाजली नाही. घाबरलेल्या माणसाला लाजायला सवड नसते. मैत्रिणीच्या घरी फोन होता, त्यावर गजाननचा फोन यायचा. महिन्यातून एकदा, तोही घड्याळ बघत. लग्नाआधी नवरदेवाशी बोलणं तेव्हा चोरीच्याच यादीत होतं. हिवाळ्यात त्याला टायफॉइड झाला होता. दवाखान्यात पडून होता. आता कामावर जात होता, पण अंग भरलं नव्हतं. घरी कळवलं नव्हतं. बाप साऱ्या गावाला पोरगा कसा भरलाय ते सांगत फिरत होता. त्यात हे कुठं सांगणार?

"तुझ्या बाबांना सांग की."

"बाबा मोडतील लगीन. आत्याच्या टायमाला असंच झालतं. नवरा आजारी हाय म्हणून कुणी सांगितलं न्हाई, अन् मग आत्या दोन वर्सांत माघारी आली. तवापासून बाबा निस्तं खोकला ऐकला तरी इचारतात." तिनं बांगड्यांच्या दुकानाकडं बघून घेतलं. "त्यांचा टायफॉइड गेलाय काका. डॉक्टरनं लिहून दिलंय. पर पारावर कोट असा लोंबायला लागला तर सारे बघतील. कुणी तरी बोलंलच."

तिचं म्हणणं बरोबर होतं. बारीक माणूस अंगाबरोबरच्या कोटात सडपातळ दिसतो. ढगळ कोटात तोच आजारी दिसतो. माझा निम्मा धंदा या एका गोष्टीवर चालला.

"किती बारीक झालाय?"

"ते हसून सांगत व्हते. पट्ट्याला तीन नवी भोकं पाडली म्हणे."

पट्ट्याची भोकं साधारण इंचावर असतात. मापाची एवढी नेमकी चिठ्ठी मला शिकलेल्या गिऱ्हाइकांनीही कधी दिली नव्हती, आणि ही तर प्रेमानं आली होती.

"खरंच बरा झालाय का गं?" मी विचारलं. "मी शिवलं म्हणून माणूस धडधाकट होत न्हाई."

"बरे झालेत. आदी बोलताना दम लागायचा. आता भांडून राहिले माझ्याशी, टेबल फॅन काहून घेतला बाबांनी आहेरात, म्हणून."

भांडायला जोर लागतो. मी बटणाचा दोरा तोडला.

आता पेच असा की दोन मापं होती आणि कापड एकच. बापाचं ऐकावं तर कोट लोंबणार. मुलीचं ऐकावं आणि तिचा अंदाज चुकावा, तर कोटाची बटणं लागणार नाहीत. कमी कापलेलं कापड वाढत नाही. म्हणून मी कापला दत्तरावांच्या मापानं. खांदा तेवढा जुन्या शर्टाचाच धरला, कारण आजारात मांस उतरतं, हाडं तिथंच राहतात. आणि ठरवलं की शिवायचा अनिताच्या मापानं. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. एरवी ती बोटभर असते. या कोटात तिला पाठीत, दोन्ही कुशीत, बाहीत, जिथं जागा मिळेल तिथं दडवावं लागणार होतं, आणि वरून काही दिसता कामा नये.

कच्ची शिलाई मोठ्याच मापानं मारून ठेवली होती, तेवढ्यात दत्तराव जीपमधून उतरले. "दाखवा," म्हणाले.

मी म्हणालो, "तुम्हीच घालून बघा. पोशाख नवरदेवानं घालायचा न्हाई, बापाला कुणी मना केलंय?"

त्यांनी कोट घातला. चांगला बसला. मुलाचं जुनं माप आणि वर दोन इंच म्हणजे जवळजवळ दत्तरावांचंच माप होतं. ते आरशासमोर गरजेपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. एक हात खिशात घातला. मग दुसरा घातला. दोन्ही काढले.

"आमच्या लग्नात आमाला धोतर अन् कोसा फेटा व्हता," म्हणाले. कोट काढताना त्यांनी त्याची बाही जरा जास्तच जपून काढली.

ते गेल्यावर मी कच्चे टाके उसवले आणि पक्की शिलाई आत घेतली. पाठीची शिवण दाबायला इस्त्रीत दोनदा कोळसा घालावा लागला.

लग्नाच्या दिवशी मी पारावर होतो. खिशात सुई-दोरा आणि सेफ्टी पिना. बँडवाला घामानं भिजला होता. गजानन घोड्यावरून उतरला आणि मला पहिल्यांदा माझं गिऱ्हाईक दिसलं. गालाची हाडं वर आली होती. डोळे मात्र तजेलदार होते. किसनराव त्याच्याकडं एकटक बघत होते.

अनिताच्या भावानं पोशाखाचं ताट पुढं केलं. दोघांनी उपरणं धरलं. आत मी आणि गजानन.

"तुमीच का टेलर?" तो कुजबुजला.

"व्हय. पट्टा काढ."

त्यानं पट्टा काढला. नवी पँट चढवली, ती पट्ट्याशिवाय कमरेवर थांबली. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मग माप कुणी सांगितलं ते समजून मान खाली घातली. वेस्टकोट, मग कोट. मी पाठीवरून हात फिरवला. एक सुरकुती नव्हती. उपरणं खाली झालं.

जावयांपैकी एकजण मागून फिरून पुढं आला. बाही ओढून बघितली. बोलायला काही सापडेना तेव्हा म्हणाला, "टाय जरा तिरका हाय."

किसनराव अजून चेहऱ्याकडंच बघत होते. हळूच म्हणाले, "पोरगं वाळल्यावानी वाटतंय दत्तराव."

बँड नेमका दोन गाण्यांच्या मध्ये होता. गजाननचा चेहरा उतरला. मी खिशातल्या पिना चाचपत राहिलो, जणू त्यांचा इथं उपयोग होता.

दत्तराव गरजले, "वाळलं? अहो कोट बघा! जुन्या मापात दोन इंच वाढवून शिवलाय, मी स्वतः घालून बघितला, तरी कसा गच्च बसलाय! प्रवासाचा शीण हाय त्याला. इचारा टेलरला!"

किसनराव माझ्याकडं वळले. "काय टेलर?"

"सांगितलं तसाच शिवलाय," मी म्हणालो. कुणी सांगितलं, ते त्यांनी विचारलं नाही.

किसनरावांनी कोटाच्या खांद्यावर हात ठेवला, दाबून बघितला, आणि मग बँडला हात केला. "वाजवा रे."

मंडपात अक्षता पडल्या तेव्हा अनितानं अंतरपाटाखालून आधी त्याचा चेहरा नाही, कोट बघितला. मग मला शोधलं. मी जेवायच्या रांगेत होतो.

यानंतर पुलाखालून बरंच पाणी गेलं. हिंगोली जिल्हा झाला. रेडिमेड आलं. नवरदेव नांदेडहून भाड्याच्या शेरवान्या आणू लागले, ज्या घातल्यावर सगळे एकाच नाटकातले राजे दिसतात. माझ्या एका मशीनवर कापडाच्या पिशव्या साठायला लागल्या. दोन हजारच्या दशकाच्या शेवटी शेवटी एक गाडी दुकानासमोर थांबली. अनिता, गजानन आणि काठी टेकत दत्तराव. गजानन कायमचा परत आला होता. हिंगोलीत फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. धाकट्या भावाचं लग्न होतं, म्हणून लग्नाचा कोट काढला, तर बटण लागेना.

"काका, सुटंल का?" अनितानं विचारलं. "पट्टे तर तीन बदलून झाले."

मी कोट उलटा केला. अस्तर उसवलं. बाहेरून कापड फिकं पडलं होतं. आत दडवलेलं कापड तसंच निळसर काळं होतं, नांदेडहून आणल्या दिवसासारखं. सगळ्या शिवणी शेवटपर्यंत सोडल्या. शिवणीच्या जुन्या रेषा दिसत राहिल्या, त्याला इलाज नव्हता. गजाननला कोट घातला. बरोबर बसला. तो आरशासमोर गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. एक हात खिशात घातला.

बाकड्यावरून दत्तराव म्हणाले, "म्या तवाच सांगितलं व्हतं, दोन इंच वाढवा म्हणून."

अनितानं माझ्याकडं बघितलं नाही. ती भिंतीकडं बघत होती.

"बरोबर सांगितलं होतं," मी म्हणालो. आणि ते खरंच बरोबर होतं. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी एवढंच शिकलो: काही गिऱ्हाइकं चुकीचं माप देत नाहीत, फक्त फार लवकर देतात.