फुलंब्रीचा कापूस आणि कॅरोलिनाचं टॅरिफ

“मॅडम, तुमचा अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर पुढच्या वर्षापासून बंद करू,” विभागप्रमुख म्हणाले. “वर्गात पोरं नाहीत. शहरात नळाला पाणी नाही, खेड्यात टँकर. आणि आपण शिकवतोय साउथ कॅरोलिना!”

ते चिडले नव्हते. अडचण खरीच होती. दुष्काळाचं वर्ष होतं. तेव्हाचं औरंगाबाद चहूबाजूंनी वाढत होतं. कॉलनी आधी उभी राहायची, पाईपलाईन मागून यायची. माझ्या एम.ए.च्या वर्गातली बाहेरगावची मुलं येईनाशी झाली होती.

“सर, एक तास बसून बघा. मग ठरवा.”

“बसतो की. उद्याच.”

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच मागच्या बाकावर येऊन बसले. विषय होता टॅरिफ, म्हणजे परदेशी मालावरचा कर. अमेरिका नुकती उभी राहत होती. उत्तरेत कापडगिरण्या निघाल्या होत्या. इंग्लंडचं स्वस्त कापड अडवायला त्यांना हा कर हवा होता. दक्षिणेत, साउथ कॅरोलिनासारख्या राज्यांत, कापसाचे मळे. त्यांचा कापूस इंग्लंडला जायचा आणि गरजेचा माल तिकडून यायचा. कर लागला की तो माल महाग.

संतोष उभा राहिला. शहराजवळच्या फुलंब्रीचा मुलगा, धनगराच्या घरातला. वडील मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात नदीकाठानं गेलेले.

“मॅडम, कापूस दक्षिणेचा, अन् फायदा उत्तरेच्या गिरणीला? हे तर आपल्यासारखंच झालं. आमच्या गावाला टँकर अन् कंपनीला पाईप.”

“कंपनी बंद पडली तर आमच्या अब्बांनी काय करायचं?” रुखसाना बसल्या जागेवरूनच म्हणाली. तिचे वडील एका कारखान्यात फिटर होते. पाण्याअभावी तिथली एक शिफ्ट बंद झाली होती. “बाहेरचा सस्ता माल आला की पहिली नोकरी आमचीच जाते.”

“मग तुमच्या नोकरीचं आमी का भरायचं?” संतोष म्हणाला.

“अन् आम्ही का मरायचं?”

विभागप्रमुख पुढं सरकून बसले. “मग काय केलं त्या कॅरोलिनावाल्यांनी?” त्यांनीच विचारलं.

मी सांगितलं. साउथ कॅरोलिनानं जाहीर केलं, हा कायदा आमच्या राज्यात चालणार नाही. राष्ट्राध्यक्षांनी सैन्याची धमकी दिली. देश फुटतो की काय, अशी वेळ आली. शेवटी तडजोड झाली आणि कर हळूहळू कमी करायचं ठरलं.

“लई झ्याक केलं!” संतोष खुश झाला. “असंच नडायला पाहिजे.”

“मॅडम,” रुखसानानं विचारलं, “तो कापूस वेचायचं कोण?”

तो धडा पुढच्या आठवड्यात होता. पण प्रश्न आला होता, म्हणून मी पुस्तक मिटलं. वेचणारे गुलाम होते. मजुरी नाही, मत नाही. त्यांची लेकरंही विकली जायची. मळेवाल्यांना नुसत्या कराची भीती नव्हती. आपल्या दिल्लीसारखं त्यांचं वॉशिंग्टन आज कराबद्दल हुकूम सोडतंय, उद्या गुलामगिरीबद्दल सोडेल, हीही धास्ती होती.

संतोष उभाच होता.

“त्या तडजोडीत वेचणाऱ्यांना कुणी विचारलं व्हतं का?”

“नाही.”

“कर कमी झाल्यावर त्यांचं काय झालं?”

“काही नाही. ते तिथंच राहिले.”

तो म्हणाला, “माझी आई वेचणीला जाते, मॅडम. दुसऱ्याच्या रानात. तिला मजुरी तरी भेटते, नाय पटलं तर घरी येता येतं. पण मी इतका वेळ मालकाच्या बाजूनं बोलत व्हतो.”

रुखसानानं सरकून बाकावर जागा केली. तो बसला.

तास संपल्यावर विभागप्रमुख माझ्यासोबत जिन्यानं उतरले. पेपर बंद करण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. “उत्तरेच्या गिरण्यांत तोच कापूस जात असेल ना?” त्यांनी विचारलं.

“हो सर.”

“मग त्यांचेही हात काही स्वच्छ नव्हते,” असं म्हणून ते केबिनमध्ये गेले.

पेपर राहिला. हजेरी मात्र वाढली नाही. पाणीच नव्हतं, मुलं येणार कुठून? संतोषही मध्यंतरी वडिलांकडं गेला.

मी पुढंही बरीच वर्षं तो पेपर शिकवला. इतिहास शिकताना मुलं कुणाची तरी बाजू घेतात. घेऊ द्यावी. फक्त ती नेमकी कुणाची, हे विचारणारं कुणीतरी वर्गात असावं लागतं.