एक मात्रा आधी

आडी महिना लागला की आमच्या वीधीच्या, म्हणजे गल्लीच्या, टोकाला मारियम्मनच्या देवळासमोरच्या माडांवर भोंगे चढतात आणि उजाडायच्या आत अख्ख्या तंजावरला उठवतात. आडी म्हणजे देवीचा महिना, तेव्हा तक्रार करायची सोय नाही. मी मात्र करतो. टपालखात्यात जन्म घालवला, तक्रारी ऐकून ऐकून कंटाळलो, आता माझी पाळी. पण त्या भोंग्यावर एक गाणं असं आहे की ते लागलं की मी गप्प बसतो आणि कॉफीसुद्धा फुंकर न मारता पितो.

गाणं देवीचं, तमिळ, जुन्या कॅसेटवरचं. इकडे ते कोणाला येत नाही असं घर नाही. पापनाशमच्या बसमध्ये लागतं, तिरुवैयारूच्या फुलबाजारात लागतं, लग्नाच्या मांडवात आचारी वांगी चिरताना गुणगुणतात. कॅसेटच्या वेष्टनावर गाणाऱ्या बाईंचा मोठा फोटो होता, हिऱ्याच्या चमक्या घातलेला. खाली संगीत देणाऱ्याचं नाव, नादस्वरवाल्याचं नाव, मृदंगवाल्याचं नाव. आणि सगळ्यात तळाला, मुंगीच्या अक्षरांत, ‘आणि वृंद’. त्या वृंदात माझी अक्का आहे.

ही गोष्ट मी लोकांना सांगत आलोय. बसच्या कंडक्टरला सांगितली, भाजीवालीला सांगितली, मुलीकडच्यांना आमच्या मुलासाठी बघायला गेलो तेव्हा तिथेही सांगितली. लोक ‘हो का?’ म्हणतात आणि तिकीट फाडतात. कोरसमधली बाई म्हणजे पंगतीतलं मीठ, नसेल तरच बोंब होते. अक्का माझ्यावर चिडायची. “तुज किती वेळा सांगू? तोंड आवर की रे. अस्की लोक हसतात,” म्हणायची. अस्की म्हणजे आमच्या तंजावरी मराठीत सगळे. मग मी तिला म्हणायचो, हसू देत, तुझा काय पदर जातो? आणि पुढच्या बसमध्ये पुन्हा सांगायचो.

अक्का माझ्याहून मोठी. तरुणपणी शिक्षिकेचं शिकायला ती मद्रासला काकांकडे राहिली होती. शेजारी एक वीणा वाजवणारे गृहस्थ होते, त्यांनी तिचा आवाज ऐकून तिला कोरसला नेलं. तिथली पद्धत ती मला करून दाखवायची. सगळ्या बायकांना मिळून एकच माइक. त्याच्याभोवती अर्धा चंद्र करून उभं राहायचं. जिचा आवाज बारीक तिने पुढे, जिचा मोठा तिने मागे. आमच्या अक्काचा आवाज असा की तिला पार दारापाशी, चपला काढलेल्या असायच्या तिथे उभं करत. बांगड्या काढून ठेवायच्या, पानं उलटताना आवाज करायचा नाही, खोकला आला तर गिळायचा. सगळा ताफा एकदम वाजायचा आणि एकदम रेकॉर्ड व्हायचा. एक चुकला की सगळ्यांना पहिल्यापासून.

आता त्या गाण्यातली एक जागा सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. दुसऱ्या चरणाच्या शेवटी गाणाऱ्या बाई वरच्या सुरावर जातात आणि तो सूर हळूहळू खाली आणतात. तो पुरा खाली आला की कोरसने पल्लवी, म्हणजे ध्रुवपद, उचलायची. पण कॅसेटवर काय होतं? बाईंचा सूर अजून उतरतोय, तेवढ्यात मागून एक आवाज, एकच, मोकळा आणि थोडा धारदार, एक मात्रा आधी पल्लवी उचलतो. बाकीच्या बायका त्याच्यामागून येतात. ती एक मात्रा तो आवाज अगदी एकटा असतो. तो अक्काचा.

तिची चूक होती, पण ती चूक फक्त आमच्या घरातलीच व्यक्ती करू शकली असती. दर शनिवारी आमच्या पुढच्या दालनात भजन व्हायचं. बाबा चिपळ्या घेऊन पुढे गायचे, आम्ही पोरं मागे. बाबांचा नियम एकच, ओळ भुईस पडू द्यायची नाही. पुढच्याचा दम संपेपर्यंत वाट बघत बसायचं नाही. त्याचा सूर उतरायला लागला की मागच्याने खाली हात धरायचा, म्हणजे पुढची ओळ उचलायची. ज्याला उशीर होई त्याला प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची सुकी उसळ, शेवटी मिळे. मी बहुतेक शेवटीच खाल्लं. अक्का कधीच नाही. तालमीत गाणाऱ्या बाई तो सूर तोडून थांबत असत. प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तो बाबांसारखाच उतरवत आणला, आणि दाराशी उभ्या असलेल्या आमच्या अक्काने सवयीने हात धरला.

संगीत देणाऱ्यांनी काचेतून डोळे वटारले म्हणे. पण बाईंची संध्याकाळी कच्चेरी, म्हणजे गाण्याची मैफल, होती, पुन्हा गायला वेळ नव्हता. ‘राहू दे, कोणाला कळतंय,’ असं ठरलं. अक्काला मात्र त्या माणसाने परत बोलावलं नाही. पुढे तिचं लग्न झालं, पापनाशमला शाळेत पोरींना आणि पोरांना शिकवता शिकवता ती निवृत्त झाली, आणि आमचे भावजी गेल्यावर माझ्याकडे राहायला आली. त्या जागेची गोष्ट तिने आयुष्यात एकट्या मला सांगितली आणि वर आण घातली. “मी गायले म्हणून सांगत फिरतोस ते फिर. चुकले म्हणून सांगितलास तर माझी आण.” मी तापट असेन, बडबड्या असेन, पण आण मोडणाऱ्यातला नव्हे; इथे लिहितोय तेही आता तिनेच मोकळीक दिली म्हणून.

ती म्हणायची, लाज वाटते रे त्या जागेची. मला ते खरं वाटत नसे, कारण मला डोळे आहेत. आडीत ते गाणं लागलं की ती पुढल्या पडवीत येऊन बसायची. शेंगा सोलत असेल, फुलं ओवत असेल, ती जागा जवळ आली की तिचे हात थांबायचे. ती एक मात्रा ऐकून झाली की पुन्हा सुरू. एवढ्या वर्षांत तिने ते गाणं सोबत म्हटलं मात्र कधीच नाही. ओठसुद्धा हलवले नाहीत.

मागच्या आडीच्या आधी माझा मुलगा चेन्नईहून आला. तो ध्वनीचंच काम करतो, गाणी मिसळायची, साफ करायची. आल्या आल्या त्याने आत्तेला दालनात खुर्चीवर बसवलं, समोर दोन स्पीकर मांडले. चेहऱ्यावर असा आनंद की जणू सोन्याचा हार आणलाय.

“आत्ते, ऐक की. देवळातली कॅसेट म्हणजे अस्की खरखर. तुमचा कोरस कुठे ऐकायलाच येत नाही. मी साफ करून आणलोय. देवळास द्यायला.”

खरंच सांगतो, ऐकून अंगावर काटा आला. धूळ पुसल्यावर जुनी समई दिसावी तसं ते गाणं दिसायला लागलं. कोरसमधल्या बायका वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. अक्का पुढे वाकून बसली होती. दुसरा चरण आला. बाईंचा सूर वर गेला, उतरायला लागला. अक्काचे हात मांडीवर थांबले. सूर पुरा खाली आला, आणि मग सगळ्या बायकांनी एकदम, एका ओळीत, पल्लवी उचलली.

“इथे पाहिलास का, बाबा?” मुलगा म्हणाला. “कोणी एक बाई आधीच घुसली होती. तिला ओढून जाग्यावर बसवलो. आता कोणास कळायचं नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. करायला गेला गणपती आणि झालं माकड! तोंड उघडलं तर अक्का माझ्याकडे बघत होती. ती आण मला तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसली. मी तोंड मिटलं. आयुष्यात एवढं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

“बरं केलास रे कण्णा,” अक्का म्हणाली. “चुकलेलं होतं ते दुरुस्त केलास.” मग त्याला तिने स्वतः डोसे घालून वाढले.

तो खूश होऊन परत गेला. देवळाच्या माइक-सेटवाल्याने नवं गाणं पेनड्राइव्हवर घेतलं. आडी लागला, भोंगा वाजू लागला, आणि अक्का पडवीत आली नाही. गाणं लागलं की ती मागच्या अंगणात जाऊन भांडी घासायची, घासलेली असली तरी. मी म्हटलं, “अक्का, मी पोरास सांगतो, जुनं परत लाव म्हणून.” ती म्हणाली, “शुम्मा बस, उगी. बरोबर केलेलं चूक करायला सांगणार होय?” मला तिचा राग आला, पोराचा आला, त्या संगीतवाल्याचा तर नव्याने आला. माझ्या बहिणीचा आवाज जगात एका जागी एकटा होता, एक मात्रा, आणि तोही आम्हीच घरच्यांनी पुसून टाकला होता.

मग आला आंबिलीचा रविवार. त्या दिवशी देवीपुढे नाचणीच्या आंबिलीची मोठमोठी पातेली चढतात आणि सगळी वीधी कडीचे डबे घेऊन रांगेत उभी राहते. अक्का यायला तयार नव्हती. “मज एकट्याने दोन डबे उचलत नाहीत,” असं धडधडीत खोटं बोलून मी तिला नेलं. रांगेत तिच्यापुढे आमच्या समोरच्या घरातली मामी होती; इकडे बायका एकमेकींना मामीच म्हणतात. तिचा गळा दणकट, उत्साह त्याहून. ती तमिळ बोलते, तिचं बोलणं इथे मराठीत लिहितोय.

पातेल्यांची झाकणं निघाली आणि ते गाणं लागलं. रिवाजच आहे तो. सगळ्या बायका सोबत म्हणायला लागल्या. पहिला चरण झाला, दुसरा आला. बाईंचा सूर उतरायला लागला, आणि अख्ख्या रांगेने पल्लवी उचलली. एक मात्रा आधी! लहानपणापासून ऐकलेलं, जसं कानात तसं तोंडात. भोंगा मात्र मागाहून आला. रांग पुढे, भोंगा मागे, दोघांची अशी काही टक्कर झाली की सगळं गाणं कोलमडलं. बायका हसायला लागल्या, वर माडाकडे बघायला लागल्या.

“अहो, तुमचं मशीन बिघडलं!” मामी ओरडली.

माइक-सेटवाला हात जोडून सांगायला लागला की मशीन नवं आहे, गाणं चेन्नईहून साफ होऊन आलंय. “साफ कसलं, यात काहीतरी राहिलंय,” देवळाचे पुजारी म्हणाले. “परत लाव.” परत लागलं.

मामीने मागे वळून अक्काचा दंड धरला. “मामी, तुम्ही गप्प का? तुम्हीही म्हणा. बघू कोण चुकतंय, आम्ही की भोंगा.”

अक्काने माझ्याकडे पाहिलं, डबा खाली ठेवला आणि गायला लागली. तिचा आवाज मी किती तरी वर्षांनी ऐकत होतो. कडेकडेने झिजला होता, पण मध्ये तोच. ती जागा आली. रांगेने आधी उचललं. अक्का थांबली, सूर पुरता खाली येऊ दिला आणि भोंग्याबरोबर, अगदी नेमकी, तालावर आली. एवढ्या सगळ्या बायकांत एकटी अक्का बरोबर होती. मनातल्या मनात ती जागा तिने जन्मभर दुरुस्त करून ठेवली होती.

मामी खोखो हसली. “मामी, तुम्हालाही येत नाही वाटतं! अहो, तिथे वाट बघायची नाही. त्या अम्माचा सूर उतरायला लागला की लगेच उचलायचं. तिला एकटीला सोडायचं नाही. माझ्या आईने मला असंच शिकवलंय.”

मी तोंड उघडलं. आण गेली खड्ड्यात, आता सांगतोच, म्हणून उघडलं. अक्काने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की कढ बाहेर आला तो नुसता डोळ्यांतून.

“कुठे उचलायचं?” तिने मामीला विचारलं. “दाखव बघू एकदा.”

आणि मामीने दाखवलं. रांगेत उभ्याउभ्या, आंबिलीचा डबा काखेत मारून, हाताने मात्रा मोजत तिने आमच्या अक्काला अक्काचीच जागा शिकवली. अक्का शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलावत होती. दोनदा तिने मुद्दाम चुकल्यासारखं केलं, परत शिकता यावं म्हणून. मी तिला ओळखतो.

तेवढ्यात माइक-सेटवाल्याने कंटाळून ट्रंकेतली जुनी कॅसेट काढली. खरखर सुरू झाली आणि रांगेतून ‘हां, हे आपलं’ असा आवाज उठला. दुसरा चरण आला, सूर उतरायला लागला. भोंग्यातून एका तरुण मुलीने पल्लवी उचलली, सगळ्या वीधीने तिच्याबरोबर उचलली, आणि त्या सगळ्यांत माझ्या शेजारी अक्काने. कोणाचा कोणता आवाज ते मला वेगळं काढता आलं नाही.

पुजाऱ्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला की यापुढे जुनीच लावायची. मुलाला मी संध्याकाळी फोन करून एवढंच सांगितलं की तुझं काम उत्तम आहे पण देवीला पसंत नाही. तो बिचारा अजून विचारात आहे.

परत येताना दोन्ही डबे मीच उचलले होते. अक्का पुढे चालत होती, आमच्या दारापाशी थांबली आणि मागे वळली. सत्तरी उलटलेली बाई, पण चेहरा शनिवारच्या भजनानंतर सुंडलासाठी हात पुढे करतानाचा.

“काय रे,” तिने विचारलं, “शेवटल्या वेळी मी चुकले नाही ना?”

“नाही, अक्का,” मी म्हटलं. “बरोबर आधी आलीस.”