कमी चिप्सचा खेळ

आई गेली तेव्हा धाकटा भाऊ जर्मनीहून आला, दिवसपाणी झालं आणि परत गेला. गंगाखेडच्या घरात मी एकटी उरले. सकाळी कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करायची, संध्याकाळी येऊन कुलूप काढायचं. आई होती तोवर भावाचा फोन तिच्यासाठी यायचा. ती गेल्यावर आमच्याकडे बोलायला काही राहिलं नाही. जेवलीस का, जेवले, तिकडं थंडी हाय का, हाय. मग दोघंही गप्प.

अशाच एका गप्प फोनवर त्यानं विचारलं, पत्ते खेळशील का? त्यानं सांगितलं तसा मी मोबाइलवर पोकरचा खेळ घेतला. पैशांचा संबंध नव्हता, चिप्स, म्हणजे पैशांऐवजीचे गोल ठोकळे, नुसते दाखवायचे. दर रविवारी दुपारी फुकटची स्पर्धा असायची. सगळ्यांना सारखे चिप्स मिळायचे, संपले की बाहेर. मी पहिल्या रविवारी चहा उकळायच्या आत बाहेर पडले.

मग तो रोज फोन करून शिकवायला लागला. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, बाकीचे पाच टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात. प्रत्येक डावात दोघांना पत्ते बघायच्या आधीच थोडे चिप्स टाकावे लागतात, त्याला ब्लाइंड म्हणतात, आणि तो वाढत जातो. आपल्याकडं किती चिप्स आहेत ते नुसतं बघायचं नाही, त्यात किती ब्लाइंड बसतात ते बघायचं. भरपूर बसत असले तर घाई करायची नाही, टेबलावरचे पत्ते स्वस्तात बघून घ्यायचे. वीसेक उरले की हात आखडायचा. आणि दहाच्या खाली आलो की अर्धवट काही करायचंच नाही. एकतर सगळे चिप्स पुढं लोटायचे, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे.

"ताई, तू कमी चिप्सवर लय घाबरायलीस," तो म्हणायचा. "बसून बसून ब्लाइंडमधीच संपायलीस. लोट की."

त्याचं खरं होतं. मी चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसायची. लोटायला शिकायला मला अख्खा पावसाळा लागला. खेळताना एकमेकांशी बोलायचं नाही हा आमचा नियम होता, नाहीतर एकमेकांचे पत्ते सांगितल्यासारखं झालं असतं. पण स्पर्धा संपली की तासभर बोलायचो. रविवारची मी शनिवारपासूनच वाट बघायची.

एका रविवारी शेवटच्या टेबलावर आम्ही दोघं समोरासमोर आलो. त्याच्याकडं चिप्सचा ढीग, माझ्याकडं आठेक ब्लाइंड. मला एक्का आणि नव्वी आली. सगळं लोटलं. बाकीच्यांनी पत्ते टाकले, त्याची एकट्याची पाळी उरली. त्यानं बराच वेळ लावला आणि पत्ते टाकून दिले. त्या जोरावर मी तिसरी आले. स्वयंपाकघरात जाऊन स्वतःशीच हसले, पण सांगायला घरात कोणी नव्हतं.

फोनवर तो भरभरून बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, "तुझ्या त्या डावाला माझ्याकडं राण्यांची जोडी होती, लय भारी पत्ते."

"मग टाकलीस का?"

"तू बाहेर गेली असतीस ना."

खाली रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर चालले होते, मी उठून खिडकी लावली.

"असं असलं तर मी खेळायलेय कुणासंगं?" मी म्हणाले. "तुझ्याकडं ढीग असताना कमीवाल्याला सोडायचं नाही, धरायचं, हे तूच शिकवलंस. मला धर."

त्यानं बरं म्हटलं. त्या आठवड्यात त्याचा फोन आला नाही, मीही केला नाही. ऑफिसात कुणाशी त्याबद्दल बोलण्यासारखं नव्हतं. रविवारी खेळायचं की नाही इथपर्यंत मन आलं, पण दुपारी मोबाइल उघडलाच. त्या दिवशी टेबल वेगळे पडले. पुढचे कितीतरी रविवार तसेच गेले. फोन परत सुरू झाले, पण जपून बोलल्यासारखे.

मग यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा शेवटच्या टेबलावर गाठ पडली. मी परत कमी चिप्सवर, हातात अठ्ठ्यांची जोडी. माझ्यामागे फक्त त्याची पाळी उरली होती. मी लोटलं. यावेळी त्यानं वेळच लावला नाही, माझ्याइतके चिप्स पुढं केले आणि पत्ते उघडले. एक्का आणि गुलाम. टेबलावर तिसराच पत्ता एक्का पडला, त्याची एक्क्यांची जोडी झाली. माझे सगळे चिप्स घसरत त्याच्या ढिगाकडं गेले.

हरल्याचं वाईट वाटलं नाही. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्याशी सरळ वागलं होतं.

बाहेर पडल्यावरही टेबल बघत राहता येतं. मी पंख्याखाली बसून बघत राहिले. इतरांचे पत्ते दिसत नव्हते, पण त्याची पाळी आली की त्याच्या नावाभोवतीचं हिरवं वर्तुळ हळूहळू कमी व्हायचं, तेवढ्या वेळात तो तिकडं विचार करतोय हे कळायचं. मी बघतेय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा ढीगही उतरत गेला, शेवटी त्यानंही सगळं लोटलं आणि दुसरा आला. मग फोन वाजला. दोनदा वाजू दिला आणि उचलला.