दुसऱ्या तक्त्यातल्या मुली

"आधी पान बघ, मग यंत्राला सांग," असं म्हणत मास्तर चष्मा कपाळावर चढवायचे आणि नाक पडद्याला टेकेल इतके पुढे वाकायचे. बोर्ली पंचतनला आमच्या शेजारीच ते राहत. शाळेतून निवृत्त झालेले, पण तालुक्यातल्या मुलींच्या कबड्डीचे गुण लिहायला अजून जात. मी न्हावा शेव्याच्या एका कंपनीचं संगणकाचं काम घरून करते, म्हणून ते माझ्याकडे आले.

ज्या वेबसाइटवर ते वर्षानुवर्षं हे गुण चढवत होते, ती महिनाअखेरीस बंद होणार होती. या सामन्यांची दुसरीकडे कुठेच नोंद नव्हती. मास्तर वहीत उतरवून घेऊ लागले होते, दिवसाला जेमतेम चार सामने. मी म्हटलं, पायथन या संगणकाच्या भाषेत एक तयार लायब्ररी आहे, तिने पानावरचे तक्ते आपोआप उचलून आणता येतात. ते त्यांनी स्वतःच शिकायचं ठरवलं. वेबसाइटवाल्याला फोन करून परवानगी घेतली आणि प्रत्येक पानानंतर प्रोग्रामला दोन सेकंद थांबायला लावलं.

"दुसऱ्याच्या घरात शिरतोय, पोरी. धावत न्हाय जायचं."

शिकत-शिकत आठवड्याभरात सगळे सामने फाइलमध्ये आले. मी खूश. मास्तरांनी त्यातला एक सामना काढला, वेबसाइटवरच्या पानाशी ताडत बोटाने ओळी मोजल्या आणि म्हणाले, एक मुलगी कमी हाय.

प्रोग्राम प्रत्येक पानावरचा पहिलाच तक्ता उचलत होता. बदली खेळाडू खालच्या दुसऱ्या तक्त्यात होत्या, त्या सगळ्याच गळल्या होत्या. साइट बंद व्हायला दोन दिवस होते. मी कंटाळले होते. म्हटलं, मुख्य संघ तर आलाय, चालेल की.

ते रागावले नाहीत. "शेवटची पाच मिनिटं उतरली, तरी खेळली ना ती?"

आम्ही प्रोग्राममधली ती ओळ दुरुस्त केली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून चालवलं. साइट बंद व्हायच्या आदल्या दुपारी शेवटचं पान उतरलं. संध्याकाळी मास्तरांनी बाजारात कोळंबी विकणाऱ्या एका बाईला मोबाइलवर दुसऱ्या तक्त्यातलं तिचं नाव दाखवलं. तिने पदराला हात पुसले, नाव दोनदा वाचलं आणि गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं.

गेल्या वर्षी मास्तर वारले. दफन झाल्यावर त्यांच्या अंगणात दहा-बारा बाया येऊन उभ्या राहिल्या. काही तर आगरदांड्याहून, फेरीबोटीने खाडी ओलांडून आलेल्या. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या चाची, कुणालाच ओळखत नव्हत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, कोण गं या?

मी सांगायच्या आत पुढची बाई म्हणाली, "आमी मास्तरांच्या कबड्डीतल्या."

चाचींनी दाराची दुसरी फळी उघडली आणि सगळ्यांना आत घेतलं.